दोन तुफानांमधली वाडी

आमच्या घरात सन कुणाच्या तोंडी नसायचे. थोरली आत्या कधी जन्मली, तर रामदास बोट बुडाली त्याच्या आधीच्या शिमग्यात. मधल्या आजोबांची मुंज कधीची, तर नवाबाचं राज्य गेलं त्या साली. आणि विहिरीकडेची माडांची ओळ कधीची, तर तुफानानंतरची. शाळेत सनावळ्या घोकून मी घरी यायचे आणि आजीच्या मागे लागायचे, की नक्की साल सांग. ती सुपातले तांदूळ निवडता निवडता म्हणायची, “तुफानाचं साल म्हटलं की कळतं गो सगळ्यांना. आकडा हवाय कुणाला?”

पुढे मोठी झाल्यावर मीच त्याची जुळणी करत बसले. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला. आषाढातली अवस होती. दिव्यांची अवस, सणासुदीला घरी निघालेली माणसं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट रेवसला पोचलीच नाही. काशाच्या खडकाजवळ पावसाळी समुद्राने तिला कलती केली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुणाचं ना कुणाचं माणूस त्यात होतंच. मग मार्च १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा आमचा सगळा मुलूख, जुनी माणसं ज्याला हबसाण म्हणत, तो तोवर सिद्दीच्या नवाबाचा होता. आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला ते तुफान मुंबईवर आलं, त्याची झळ आमच्या किनाऱ्यालाही बसली. त्रिपुरी पौर्णिमा होऊन पाच-सहा दिवस झाले होते असं आजी सांगायची. पंचांग काढून पाहिलं, तर ते तंतोतंत निघालं. आकडा तिला नको होता, पण तिथी तिची चुकली नव्हती.

सोळा महिन्यांत एवढं सगळं. आजी तेव्हा घरात नवीन आलेली, सोळा-सतरा वर्षांची. म्हातारपणी तिच्या बोलण्यात हे सारं एकमेकांत मिसळून जाई. कधी रामदास बोट तुफानातच बुडायची, कधी नवाबाचा माणूस तुफानानंतर पडलेल्या पोफळी मोजायला यायचा. आम्ही मुलं तसंच ऐकायचो. माझ्या मनात आजही त्या तिन्ही गोष्टींचा पाऊस एकच आहे.

आमचं गाव श्रीवर्धनच्या उत्तर अंगाला, दिवेआगरच्या बाजूचं. गाव म्हणजे काय, तर एक लांबलचक पाखाडी, तिच्या दोन्ही हातांना घरं, आणि प्रत्येक घराच्या मागीलदारी वाडी. वाडी पार समुद्राकडच्या पुळणीपर्यंत गेलेली. आमच्याकडे भाताची जमीन असेल त्याला शेतकरी म्हणतात, पण वाडी असेल त्याचा थाट वेगळा. उंचावर माड, त्यांच्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेल्या मिरवेली, मधूनमधून केळी, एखादं जायफळ, आळ्याकडेला अळू आणि हळद. ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. मे महिन्याच्या दुपारी पाटाचं पाणी सोडलं, की आजोबा उघड्या अंगाने आळ्यांतून फिरायचे आणि त्यांच्या पाठीवर उन्हाचे फक्त ठिपके दिसायचे. श्रीवर्धनची रोठा सुपारी पुण्यामुंबईच्या बाजारात नावाजलेली. सुपारी उतरवणारा गडी एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीवर जायचा, तिथून तिसरीवर, अशी अख्खी ओळ पुरी करूनच खाली उतरायचा. आम्ही खाली श्वास रोखून उभे असायचो. आजी मात्र वर बघायची नाही. “पोफळ लवते म्हणून जगते, बघत काय राहायचं त्यात,” एवढं म्हणून ती आत जायची.

तर ते तुफान. भात कापून झालं होतं, खळ्यात उडव्या रचलेल्या होत्या. दोन दिवस समुद्राची गाज नेहमीपेक्षा वेगळी येत होती, लांबून आणि संथ. बंदरावर बावटा चढला होता म्हणतात, पण तो पाहायला जाणार कोण? सांजेला कोळवाड्यातली पंधरावीस माणसं आमच्या ओटीवर आली. त्यांची झापांची घरं अगदी पुळणीला लागून होती. त्यांच्यात एक म्हातारा तांडेल होता. आजीने त्याचं नाव सांगितलं होतं की नाही हेही आता मला आठवत नाही, ती त्याला नुसतं ‘तांडेलबाबा’ म्हणायची. पणजीने त्यांना पडवीत जागा दिली, गुरं आत घेतली, आणि मोठ्या टोपात भात चढवला. त्या रात्रीचं कालवण कसलं होतं, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. आजी कुळथाचं पिठलं म्हणायची, थोरली आत्या म्हणायची की कोळणींनी आणलेल्या सुक्या सोड्यांचं, आणि पणजीने डोळ्यांआड करून ते आपल्या चुलीवर शिजू दिलं. मला आत्याचं खरं वाटतं. तसं वाटायला मला आवडतं.

रात्री वारा चढला. नळ्याची कौलं एकेक सुटून अंगणात फुटू लागली. घरातल्या पुरुषांना राहवेना, गोठ्याचं छप्पर जातंय हे ऐकू येत होतं. मधे जरा वारा मंदावल्यासारखा झाला तेव्हा आजोबा कंदील घेऊन दाराकडे निघाले. तांडेलबाबाने त्यांना अडवलं. त्याचं म्हणणं असं, की तुफानाला मधे एक डोळा असतो. डोळा डोक्यावर आला की वारा पडतो, आभाळ उजळल्यासारखं होतं, माणूस फसतो आणि बाहेर पडतो. मग उलट्या दिशेने दुसरा फेर येतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट. गलबतावर असताना त्याने हे पाहिलं होतं म्हणे, कुठल्या समुद्रात ते देवाला ठाऊक. त्या रात्री आमच्या गावावर डोळा आला नव्हता, वारा फक्त दम खात होता. पण आजोबा थांबले, आणि ‘वारा पडला तरी दार उघडायचं नाही’ हे वाक्य आमच्या घरात कायमचं राहिलं. आजीने ते काकूला दिलं. काकू ते फटाके उडवणाऱ्या मुलांपासून भांडणाऱ्या जावांपर्यंत सगळ्यांना वापरायची.

आजीच्या गोष्टीतली मला सगळ्यात जास्त आठवते ती सकाळ. वाडीत ऊन आलं होतं, असं ती सांगायची. लग्न होऊन आल्यापासून मागीलदारी जिथे कधी ऊन पाहिलं नव्हतं तिथे डोळे दिपतील असं ऊन. पोफळी कमरेतून मोडलेल्या, माड मुळासकट आडवे. खळ्यातल्या उडव्या भिजून फुगलेल्या. पुढे त्यातलं भात उगवलं आणि त्याच्या तांदळाची आंबूस भाकरी घर वर्षभर खात होतं. आणि माडाचा गाभा. आडव्या झालेल्या माडाचा शेंडा फोडला की आत पांढराशुभ्र कोवळा गाभा निघतो. चवीला गोड, दाताखाली करकरीत. माड मरतो तेव्हाच तो खायला मिळतो. तुफानानंतर आठवडाभर गावातली पोरं तो खात होती. नव्या सुनेलाही कुणीतरी वाटीभर आणून दिला. “गोड होता गो,” आजी म्हणायची, “पण नंतर कधी घशाखाली उतरला नाही.”

आजोबांनी त्या साली दिवाळीचं कर्ज अंगावर असताना बेण्याचे नारळ आणले. बाणवली जातीचे, आमच्याकडचे उंच माड तेच. विहिरीकडेची ओळ त्यांनी लावली. पोफळीसाठी आधी केळी लावल्या, केळीची सावली झाल्यावर तिच्या आडोशाला पोफळीची रोपं. पोफळ उन्हात जगत नाही. लहानपणी तर नाहीच, पण मोठी झालेली पोफळसुद्धा आजूबाजूची झाडं गेली की उन्हाने भाजते, खोडाला चिरा पडतात आणि दोनचार वर्षांनी मोडून पडते. म्हणजे वादळाने शंभर पाडल्या की मागाहून ऊन आणखी वीस-पंचवीस नेतं. आजोबांचा तो हिशेब पक्का होता. सहा-सात वर्षांनी पहिली सुपारी धरली तेव्हा त्यांनी ती देवाला ठेवली आणि एक तांडेलबाबाच्या घरी पाठवली. तोवर तो राहिला होता की नाही, ते आजी कधी एक सांगायची कधी दुसरं.

आता पुढचं तुफान मी स्वतः पाहिलेलं. २०२० च्या शिमग्याला पुण्याहून गावी गेले आणि टाळेबंदी लागल्यामुळे तिथेच राहिले. एकापरी बरंच वाटत होतं. कित्येक वर्षांत सबंध उन्हाळा गावात काढला नव्हता. काकूच्या हाताखाली फणसाची साठं घातली, आंबोशी वाळवली, पोह्याचे पापड लाटले. काकूचं वय झालेलं, पण आगोटीची बेगमी तिच्या देखरेखीशिवाय होत नाही. मुंबईचे चाकरमानी परतले होते, माझा पुतण्याही त्यांतलाच. घर भरलेलं होतं. मे महिन्यात दूरदर्शनवर बंगालमधलं अंफन पाहिलं, तेव्हा काकू म्हणाली होती, “बिचाऱ्यांचं काय झालं असेल.” तुफानं बंगालच्या उपसागराची, अशी आमची समजूत. ती अगदीच चुकीची नव्हती. बंगालच्या उपसागरात चार उठतात तेव्हा अरबी समुद्रात एखादं, असं पूर्वापार चालत आलं होतं. पण आपला समुद्र तापत चालला आहे. आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली होती. त्यांतल्या क्यारच्या वेळी दिवाळीत पाऊस पडून शेतातलं भात भिजलं होतं, तेवढीच काय ती आम्हाला त्यांची ओळख.

वादळ जन्माला कसं येतं हे मी त्यानंतर वाचून काढलं. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं, की त्यावरची दमट हवा वर चढू लागते. वर जाऊन तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि त्या वेळी जी उष्णता सुटते ती हवेला आणखी वर ढकलते. खाली दाब कमी होतो, भोवतालची हवा तिकडे धाव घेते, आणि पृथ्वी फिरते म्हणून ती हवा सरळ न जाता वळते. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट. आजीच्या डेऱ्यात रवी फिरायची तेव्हा ताक कडेला उसळायचं आणि मधे खळगा पडायचा, तसा मधला भाग शांत राहतो. तोच तांडेलबाबाचा डोळा. पावसाळा ऐन भरात असताना मात्र चक्रीवादळं सहसा मोठी होत नाहीत. वरच्या आणि खालच्या हवेतले वारे इतक्या वेगळ्या वेगाने आणि दिशेने वाहतात, की वादळाचा खांब उभाच राहत नाही. म्हणून आपल्याकडे ती येतात पावसाळ्याच्या दोन कडांना, मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा खांब उभा राहिला की समुद्र त्याला खायला घालत राहतो. जमिनीवर आलं की अन्न तुटतं, आणि डोंगर-झाडं-घरं यांना घासून ते दमतं.

या वादळाचं नाव निसर्ग. बांगलादेशाने सुचवलेलं, तेरा देशांनी मिळून केलेल्या नव्या यादीतलं पहिलंच नाव. ३१ मेला लक्षद्वीपच्या बाजूला समुद्रावर कमी दाबाचा पट्टा झाला. २ जूनला दुपारी त्याला नाव मिळालं, आणि ३ जूनला पहाटे ते तीव्र झालं. त्याच दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते आमच्या किनाऱ्यावरून जमिनीवर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. संध्याकाळपर्यंत घाट ओलांडून ते विरत चाललं होतं, आणि ४ तारखेनंतर मध्य प्रदेशाकडे नुसता पाऊस उरला. जन्मापासून मरणापर्यंत पुरता आठवडाही नाही.

सूचना सगळ्या वेळेवर आल्या होत्या, हे आवर्जून सांगायला हवं. बावट्याचे दिवस गेले. दोन दिवस आधी रिक्षावरचा भोंगा गावात फिरला, पुळणीलगतच्या घरांतली माणसं शाळेत हलवली, तोंडाला फडकी बांधून, हाताहाताचं अंतर राखून. जूनची मासेमारीबंदी लागली होती म्हणून बहुतेक होड्या वर ओढलेल्या होत्या. २००९ मध्ये फयान आलं ते नोव्हेंबरात, भर हंगामात. तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी होड्या समुद्रात होत्या आणि सगळी माणसं परत आली नाहीत. त्या मानाने या वेळी कोळवाडा वाचला, असं सगळे म्हणत होते.

सकाळी नऊपर्यंत नुसता पाऊस. दहाच्या सुमाराला वारा डोंगराकडून, आग्नेयेकडून येऊ लागला. अकरा वाजता पहिला माड पडताना मी पाहिला. आवाज आला नाही. वाऱ्याचाच आवाज इतका होता, की माड पडल्याचा आवाज त्यात बुडाला. तो कलला आणि दिसेनासा झाला, एवढंच. पोफळी जमिनीला टेकतील इतक्या लवत होत्या, उठत होत्या, पुन्हा लवत होत्या. आजीचं वाक्य मला आठवत होतं. मग त्या लवून लवून मधोमध तुटू लागल्या. दादा, माझा चुलतभाऊ, खिडकीशी उभा राहून मोजत होता. काही वेळाने त्याने मोजणं सोडलं आणि खिडकी लावून घेतली. मंगलोरी कौलं पत्त्यांसारखी उडत होती म्हणतात, पण आम्हाला दिसत नव्हती. आम्ही सगळे माजघरात, आढ्याखाली, डोक्यावर पाट धरून बसलो होतो. वहिनीने देवाची मूर्ती पदरात घेतली होती. काकू जपमाळ ओढत होती, आणि मधेच “खारवलेल्या फणसाची बरणी आत घेतली का?” असं विचारत होती.

मग वारा पडला. एकदम नाही, पण पडला. खिडकीच्या फटीतून पिवळट उजेड आला. किती वेळ, ते खरंच सांगता येणार नाही. दादाला पाच मिनिटं वाटली, वहिनीला अर्धा तास. पुतण्या उठला. बाहेर त्याची मोटारसायकल होती, तिच्यावर काय पडलंय ते बघायचं होतं. त्याने कडीला हात घातला आणि काकू ओरडली. तिचा तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. “वारा पडला तरी दार उघडायचं नाही! अजून दुसरा फेर यायचाय!” पुतण्या चिडला, पण बसला. त्यानंतर वारा आला तो समुद्राकडून. अंगणातला शंभर वर्षांचा फणस त्या दुसऱ्या फेरात गेला, तो बरोबर मोटारसायकल होती त्या जागेवर.

संध्याकाळी बाहेर आलो. आणि ऊन होतं. ढगांच्या कडेने उतरतं, तिरपं, पण मागीलदारी ऊन. विहिरीपासून पुळणीपर्यंत मधे काहीही आड येत नव्हतं. समुद्र थेट दिसत होता. आमच्या मागल्या पडवीतून समुद्र दिसतो हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. किनाऱ्यावरचं सुरूचं बन आडवं झालं होतं. आजोबांनी १९४९ च्या पावसाळ्यात लावलेली माडांची ओळ, तिच्यातले तीन उभे होते, तेही शेंडा पिळवटलेले. काकू ओटीच्या पायरीवर बसली आणि कुणाशी बोलली नाही. मग उठून चुलीकडे गेली. चूल भिजली होती, ती पेटेपर्यंत रात्र झाली. मऊ भात, मेतकूट, तूप. शेजारची दोन घरं उघडी पडली होती, ती माणसंही पंगतीला होती. करोनाचं अंतर त्या रात्री कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दोन दिवसांनी वटपौर्णिमा. गावातला वड उन्मळून पडला होता. वहिनी आणि शेजारणी पडलेल्या खोडाभोवती ओल्या चिखलातून फेर घालून दोरा गुंडाळून आल्या.

वीज महिनाभर नव्हती. खांबच नव्हते, तर तारा कुठून येणार? मोबाईलचे मनोरे पडले होते. मुंबईतल्या मुलांना गावाचं काही कळत नव्हतं आणि आम्हाला त्यांचं. तिकडे बातम्यांत ‘मुंबई वाचली’ असं सांगत होते, ते आम्हाला नंतर कळलं. खरंच होतं ते, आणि वाचली याचा आनंदच आहे, आमची निम्मी माणसं तिथे आहेत. ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाची उजवी बाजू जोरकस असते, कारण तिथे वाऱ्याच्या फिरण्यात त्याच्या पुढे जाण्याचा वेग मिळतो. ती उजवी बाजू श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीवर आली आणि मुंबई डावीकडे राहिली. तेवढ्या वळणाचा फरक. पण ‘वाचली’ या बातमीखाली आम्ही काही दिवस झाकले गेलो, हे मनात राहिलं.

पंपाला वीज नाही, विहीर पाचोळ्याने भरलेली. पंधरा दिवस आम्ही शहाळ्याचं पाणी प्यायलो. शहाळी पायाशी पडली होती, हवी तितकी. पोरांनी माडाचे शेंडे फोडून गाभा काढला, आणि दादाची नात वाटी घेऊन काकूकडे आली. काकूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळत राहिली. मीही खाल्ला. आजी म्हणायची तसा गोड होता.

मग पंचनामे. मदत आधी हेक्टरी जाहीर झाली, हेक्टरी पन्नास हजार. आमच्या गावात हेक्टर कुणाकडे आहे? वाटण्या होत होत वाड्या गुंठ्यांवर आल्या आहेत. दहा गुंठ्यांच्या वाडीत शेकड्यांनी पोफळी दाटीवाटीने उभ्या असतात, जमिनीच्या मापाने त्यांची किंमत निघत नाही. पुढे झाडागणिक मदत ठरली, माडाला अडीचशे, पोफळीला पन्नास रुपये. झाडं मोजली गेली याचंच गावाला मोठं बरं वाटलं. पण पडलेलं खोड कापून वाडीबाहेर काढायची मजुरी त्याहून जास्त होती. कित्येकांची वाडी त्या पावसाळ्यात आडव्या खोडांखाली कुजत राहिली, आणि त्या कुजक्यात गेंड्याभुंगा माजला. गेंड्याभुंगा उभ्या माडाचा कोंब पोखरतो. आजोबांच्या ओळीतल्या त्या तिघांपैकी एक असा गेला.

आणि जे मला सगळ्यात लागलं ते ऊन. डिसेंबरनंतर उरलेल्या पोफळी पश्चिमेच्या बाजूने भाजू लागल्या. आजोबांचा हिशेब दादाला तोंडपाठ होता. त्याने खोडांना झावळ्या बांधल्या, चुना लावला, केळी लावल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. ते आमच्यावर चढलं नाही, किनाऱ्याला समांतर जाऊन १७ मेच्या रात्री गुजरातेत उनाजवळ उतरलं. त्याच वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ नावाचा तराफा बुडाला आणि नौदलाने खवळलेल्या पाण्यातून माणसं उचलली. मला वाचताना रामदास बोटच आठवत राहिली. आमच्याकडे तौक्तेने फक्त केळी नेल्या. म्हणजे सावली गेली. दादाने पुन्हा लावल्या.

या मधल्या वर्षांत मी दर उन्हाळ्याला जाते. वाडी भरते आहे, पण ती आजोबांची वाडी होणार नाही, तशी करायला माणसं नाहीत. झोका घेऊन सुपारी उतरवणारे दोघेच उरले आहेत, दोघेही पन्नाशीपुढचे, आणि आता पोफळी इतक्या विरळ आहेत की एकीवरून दुसरीवर जाता येत नाही. प्रत्येकीवर खालून चढायचं, प्रत्येकीवरून उतरायचं. ते जास्त मजुरी मागतात आणि त्यांचं बरोबर आहे. पुतण्याचं म्हणणं, बुटक्या जातीचे माड लावावेत, लवकर धरतात, वाऱ्याला कमी सापडतात, काढायलाही सोपे. काकूला ते पसंत नाही. तिला बाणवलीच हवेत. त्यावरून घरात दोन वर्षं वाद चालला. शेवटी दादाने विहिरीकडे बाणवली लावले आणि पुळणीकडच्या अंगाला बुटके. पुळणीच्या अगदी कडेला उंडीची आणि सुरूची रोपं लावली आहेत, समुद्राचा वारा आधी त्यांनी घ्यावा म्हणून.

गेल्या खेपेला मी निघाले तेव्हा काकू ओटीवर बसून पुतण्याला सांगत होती, की आगोटीच्या आधी पाट उपसून ठेव, केळीच्या पिल्लांतली दोनच राख, आणि विहिरीकडच्या चौथ्या माडाला भुंगा लागलाय, त्याचा कोंब बघ. पुतण्या म्हणाला, “बघतो गो आजी, उद्या.” तशी ती म्हणाली, “उद्या नको. आत्ता जा, उजेड आहे तोवर.”